घोट्याचा नवा सांधा : पंधराव्या वर्षाचे गणित

आमचे मोठे मामू वेल्हे तालुक्यातले. सरकारदरबारी तालुक्याला आता राजगड म्हणू लागले आहेत, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच बसलेले आहे. गुंजवणीच्या खोऱ्यात त्यांची भाताची चार खाचरे आहेत. रमजान ईदला आम्ही भोरहून त्यांच्याकडे जातो, हा माझ्या लहानपणापासूनचा रिवाज. तीन वर्षांपूर्वीच्या ईदला घरात पाऊल टाकले, तर मामू ओसरीवर खुर्चीत बसून नमाज पढत होते. पहिल्या सफेत उभा राहणारा, डोक्यावर भाताचे पोते घेऊन बांधावरून चालणारा हा माणूस सत्तावन्नाव्या वर्षी खुर्चीवर? सलाम फेरल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि उजव्या पायाकडे बोट करून म्हणाले, "बेटी, घोटा ऐकत नाही आता."

दुखण्याची गोष्ट एकवीस वर्षांपूर्वीची. जुलै महिना, आवणीचे दिवस. ओल्या बांधावरून पाय घसरला आणि घोटा आत वळला. नदीला पाणी होते, गाडीची सोय नव्हती आणि रोपे उपटून ठेवलेली होती. शेजारच्या गावच्या हाडवैद्याने लेप लावून कामट्या बांधल्या. तीन आठवड्यांनी सूज उतरेना म्हणून रुग्णालयात नेले, तेव्हा एक्स-रेत हाड मोडल्याचे दिसले. ते तोवर थोडे वाकडे जुळू लागले होते. प्लास्टर घातले, काढले, मामू चालू लागले. सगळ्यांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटले आणि विषय संपला.

तो संपला नव्हता. वीस वर्षे तो घोट्याच्या आत चालूच होता.

त्या ईदनंतर मी मामूंना घेऊन पुण्याला गेले. हाडांच्या डॉक्टरांनी उभे करून एक्स-रे काढले आणि सांगितले, सांध्यातली कुर्चा संपली आहे, हाडावर हाड घासते आहे. दोन वाटा आहेत. सांधा कायमचा जखडून टाकायचा किंवा काढून नवा कृत्रिम सांधा बसवायचा. घरी येऊन बैठक झाली. मुमानींनी विचारले, किती दिवस दवाखान्यात राहावे लागेल? थोरल्या मुलाने विचारले, खर्च किती? धाकटा म्हणाला, गुडघे बदलून लोक धावतात, घोटा बदलायला काय हरकत आहे? मामूंनी मात्र एकच प्रश्न विचारला. "हा नवा सांधा किती वर्षं चालतो?"

उत्तर कोणाकडे नव्हते. मी शाळामास्तरीण, डॉक्टर नाही. पण विचारणे आणि वाचणे हा माझा धंदा आहे. पुढचे तीन महिने डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजले, ते इथे मांडते आहे. पायाने कमावणारी माणसे आपल्या बहुतेक घरांत आहेत.

घोटा का झिजतो?

गुडघा आणि खुबा साधारणपणे वयाने झिजतात. घोट्याचे तसे नाही. निरोगी घोटा म्हातारपणापर्यंत चांगली साथ देतो. ज्यांचा घोटा झिजतो, त्यांच्यापैकी शंभरातल्या सुमारे सत्तर जणांच्या मागे जुनी दुखापत असते. कोणाचे हाड मोडलेले असते, कोणाचा घोटा पुन्हा पुन्हा मुरगळून स्नायुबंध सैल झालेले असतात. उरलेल्यांत संधिवाताचे, म्हणजे आमवाताचे रुग्ण बरेच असतात.

याचे कारण घोट्याच्या बांधणीत आहे. नडगीचे हाड आणि त्याच्या बाजूचे बारीक हाड मिळून एक खोबण तयार होते. त्या खोबणीत टॅलस नावाचे हाड घट्ट बसते, जसे सुताराने खाचेत लाकूड बसवावे. चालताना या लहानशा जागेवर शरीराच्या वजनाच्या पाचपटीच्या आसपास भार येतो. साठ किलोच्या माणसाच्या घोट्यावर प्रत्येक पावलाला तीनशे किलोचा भार, आणि तो पेलायची जागा गुडघ्यापेक्षा कितीतरी कमी. वर घोट्यातली कुर्चा गुडघ्यातल्या कुर्चेपेक्षा पातळ असते. हे सारे निभते ते हाडे एकमेकांत तंतोतंत बसलेली असतात म्हणून.

१९७६ साली रॅम्से आणि हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टरांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. टॅलस आपल्या जागेवरून बाहेरच्या बाजूला फक्त एक मिलिमीटर सरकवला, तर दोन हाडे एकमेकांना टेकतात ती जागा ४२ टक्क्यांनी कमी होते, असे त्यांना आढळले. एक मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या तीन-चार जाडींएवढे अंतर. भार तोच, जागा जवळजवळ निम्मी. मग कुर्चा वर्षानुवर्षे कुरतडली जाते. मामूंच्या घोट्यात नेमके हेच झाले होते. वाकडे जुळलेले हाड बाहेरून दिसत नव्हते, पण आतला हिशेब चुकलेला होता.

हाडवैद्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या पावसात तो धावून आला, हे मामू आजही सांगतात. पण मोडलेल्या घोट्याचा एक्स-रे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी निघाला असता, तर वीस वर्षांनी आम्हाला पुण्याची वाट धरावी लागली नसती, अशी शक्यता मोठी आहे.

पहिली वाट : सांधा जखडणे

या ऑपरेशनला फ्युजन म्हणतात. सांध्याचे उरलेले खराब पृष्ठभाग खरवडून दोन्ही हाडे स्क्रूने एकत्र आवळतात. काही महिन्यांत ती एकजीव होतात. घोटा वर-खाली हलणे थांबते, पण हाडावर हाड घासणेही थांबते आणि दुखणे जाते. पाऊल पुढच्या छोट्या सांध्यांतून थोडे हलते, त्यामुळे सपाट रस्त्यावर बूट घालून चालणारा माणूस पाहिला तर फरक पटकन कळतही नाही.

यातला पहिला धोका असा की काहींची हाडे जुळतच नाहीत. दहातल्या एकाच्या आसपास हे घडते आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त. दुसरा धोका उशिरा कळतो. घोट्याचे काम बंद झाल्यावर त्याच्या खालच्या आणि पुढच्या सांध्यांवर जादा ताण येतो. अमेरिकेतल्या आयोवा येथील डॉक्टरांनी अशा २३ रुग्णांना सरासरी २२ वर्षांनी पुन्हा तपासले आणि २००१ साली निष्कर्ष छापले. बहुतेकांच्या पावलातले शेजारचे सांधे झिजलेले होते. जखडलेला घोटा स्वतः दुखत नव्हता, पण त्याचे ओझे शेजाऱ्यांनी वाहिले होते.

दुसरी वाट : नवा सांधा

यात झिजलेल्या हाडांचे टोक कापून नडगीच्या बाजूला धातूची एक पट्टी आणि टॅलसवर धातूची टोपी बसवतात. दोन्हींच्या मध्ये खास प्रकारच्या टणक प्लास्टिकची चकती असते. घोटा हलतो, पाऊल वर-खाली होते, शेजारच्या सांध्यांवर ताण कमी येतो. चढ-उतारावर आणि जिन्यावर हा फायदा जाणवतो. आपल्या डोंगरी तालुक्यांत ही लहान गोष्ट नाही.

घोट्याचा कृत्रिम सांधा बसवण्याचा पहिला प्रयत्न १९७० साली फ्रान्समध्ये झाला. त्या पहिल्या सांध्यांतले जवळजवळ निम्मे निकामी झाले. पुढची दहा-पंधरा वर्षे निरनिराळ्या बनावटी आल्या, सिमेंटने चिकटवल्या गेल्या आणि काही वर्षांत सैल झाल्या. अनेक सर्जनांनी हे ऑपरेशन सोडून दिले. मग डेन्मार्कच्या डॉ. हाकोन कोफोड यांच्यासारख्या काहींनी रचना बदलली, हाड कमी कापले, सिमेंट टाळले. त्यांच्या बनावटीच्या सांध्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली मंजुरी दिली. म्हणजे खुबा आणि गुडघ्याच्या मानाने घोट्याचा सांधा अजून शिकाऊ वयातच आहे. सांधे बदलण्याची ऑपरेशने पुण्यात नवी नाहीत, पण त्यांतली बहुतेक गुडघ्याची आणि खुब्याची. घोट्याचे काम करणारे सर्जन मोजके असतात.

आकडे दोन, खरे कोणते?

आता मामूंच्या प्रश्नाकडे येऊ. आधी तुलनेसाठी गुडघा घ्या. २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या अभ्यासानुसार बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के आणि खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के गुडघे-खुबे २५ वर्षांनीही जागेवर होते. माझ्या धाकट्या मामेभावाच्या मनात हेच चित्र होते.

घोट्याबद्दल मला दोन आकडे सापडले. स्वीडनमध्ये १९९३ पासून बसवलेल्या ७८० घोट्यांची नोंद २०११ साली प्रसिद्ध झाली. दहा वर्षांनी त्यांतले ६९ टक्के सांधे टिकून होते. दुसरीकडे २०१३ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ५८ शोधनिबंध एकत्र करून जवळजवळ आठ हजार घोट्यांचा हिशेब मांडला. त्यात दहा वर्षांनी टिकलेले सांधे ८९ टक्के निघाले.

मी वर्गात मुलांना विचारते तसा प्रश्न मला पडला : एकाच ऑपरेशनचे दोन निकाल कसे? उत्तर शोधताना खूप काही शिकायला मिळाले. शोधनिबंध बहुधा मोठ्या रुग्णालयांतले, अनुभवी सर्जन लिहितात. कधी सांध्याची रचना करणारे स्वतःच लिहितात. देशाच्या नोंदवहीत मात्र शिकाऊ सर्जन, लहान रुग्णालय, जुन्या बनावटी, सगळे मोजले जाते. वर्गातल्या पहिल्या दहा मुलांचे गुण आणि अख्ख्या शाळेचा निकाल, इतका तो फरक आहे. आजच्या बनावटी आणि सरावाचा सर्जन धरला, तर शंभरातले ऐंशी ते नव्वद सांधे दहा वर्षे टिकतात, असे धरून चालायला हरकत नाही. म्हणजे दहा ते वीस जणांना त्याआधी पुन्हा ऑपरेशनला जावे लागते. पंधरा-वीस वर्षांनंतर हे प्रमाण आणखी वाढत जाते.

"टिकला" या शब्दाचा अर्थही नीट घ्यायला हवा. नोंदवहीत टिकला म्हणजे काढून टाकावा लागला नाही. तो अजिबात दुखत नाही, असा त्याचा अर्थ नाही. बहुतेकांचे दुखणे खूप कमी होते, पण काहींना थोडे दुखणे राहतेच.

मग जखडणे चांगले की बदलणे? ब्रिटनमध्ये १७ रुग्णालयांतल्या ५० ते ८५ वयाच्या ३०३ रुग्णांना चिठ्ठी काढावी तसे दोन गटांत वाटून हे तपासले गेले. निकाल २०२२ साली आला. वर्षानंतर दोन्ही गटांतल्या लोकांचे चालणे आणि उभे राहणे बरेच सुधारले होते आणि दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. बदललेल्यांत जखमेच्या तक्रारी जास्त होत्या, जखडलेल्यांत रक्ताच्या गुठळ्यांचे आणि हाड न जुळण्याचे प्रकार. पण एक वर्ष ही सुरुवात आहे. खरा फरक त्यानंतर पडतो आणि तो माणसागणिक वेगळा पडतो.

नवा सांधा निकामी कसा होतो?

आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. त्यांना तरुणपणापासून आमवात. दोन्ही घोटे, पावलांचे इतर सांधे, सगळे दुखणारे. डॉक्टरांनी त्यांना जखडण्यापेक्षा सांधा बदलण्याचा सल्ला दिला, कारण शेजारचे सांधे आधीच आजारी असताना त्यांच्यावर आणखी ओझे टाकणे बरे नव्हते. डावा घोटा बदलला. बाई खूश. दरवर्षी एक्स-रेला या, असे सांगितले होते. पहिली चार वर्षे गेल्या. नंतर काही दुखत नाही म्हणून जाणे सोडले. नवव्या वर्षी सहज म्हणून दाखवले, तर धातूच्या पट्टीच्या वर हाडात पोकळ्या झालेल्या. प्लास्टिकची चकती झिजते तेव्हा तिचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात. शरीर त्या कणांशी लढते आणि त्या लढाईत आपलेच हाड खाते. गंमत अशी की बराच काळ दुखत नाही. बाईंचे वेळीच सापडले. पोकळ्यांत हाड भरले, चकती बदलली, सांधा वाचला. आणखी दोन वर्षे गेली असती, तर धातूच हाडात खचला असता.

सांधा सैल होणे, चकती झिजणे किंवा फुटणे, जंतुसंसर्ग आणि वरची जखम न भरणे ही निकामी होण्याची मुख्य कारणे. घोट्यावरची कातडी पातळ असते, तिच्याखाली मांस नसते, म्हणून जखम भरायला वेळ लागतो. मधुमेह ताब्यात नसेल, बिडी-तंबाखू किंवा मिश्री चालू असेल, तर धोका वाढतो. मधुमेहाने पावलांची संवेदना गेली असेल, तर बहुतेक डॉक्टर सांधा बदलायला नकारच देतात, आणि तो नकार आपल्या भल्याचा असतो.

बसवलेल्या वस्तूतही खोट निघू शकते. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घोट्याच्या एका नामांकित सांध्याची चकती अपेक्षेपेक्षा जास्त फुटत असल्याचा इशारा दिला. २०२२ साली दुसऱ्या एका कंपनीने गुडघ्याच्या आणि घोट्याच्या चकत्या परत मागवल्या. त्या ज्या पिशव्यांत बंद होत्या, त्यांतून ऑक्सिजन आत जाऊन प्लास्टिक लवकर झिजण्याचा धोका होता. अशा वेळी आपल्या पायात कोणत्या कंपनीचा, कोणत्या क्रमांकाचा सांधा आहे, हे सांगता आले पाहिजे. सांध्याच्या खोक्यावर स्टिकर असतात. ऑपरेशननंतर ते आपल्या कागदावर चिकटवून मागून घ्या. बाईंच्या कपाटात तो कागद होता, म्हणून चकती नेमकी कोणती मागवायची ते डॉक्टरांना लगेच कळले.

आपली बैठक, आपली नमाज

हे सांधे ज्या देशांत घडले, तिथे माणसे खुर्चीवर बसतात, टेबलावर जेवतात आणि कमोड वापरतात. आपण जमिनीवर बसतो. उकिडवे बसायला घोटा ३५ ते ४० अंशांपर्यंत वर वाकावा लागतो. बदललेला घोटा एकूण वर-खाली मिळून साधारण २५ ते ३५ अंश हलतो, त्यातही वर वाकणे थोडेच. शिवाय ऑपरेशनआधी घोटा जितका हलत होता, त्याहून फार जास्त नंतर हलत नाही. त्यामुळे उकिडवे बसणे, भात लावणे, भारतीय पद्धतीचा संडास, यांची आशा नव्या सांध्याकडून ठेवू नये. जखडलेल्या घोट्याकडून तर नाहीच.

आपल्या लोकांनी परदेशी अवयव आपल्या जगण्याला जुळवून घेतल्याची उदाहरणे आहेत. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला जयपूर फूट अनवाणी चालण्यासाठी, शेतात उतरण्यासाठी, मांडी घालण्यासाठीच जन्मला. पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी गुडघ्याचा भारतीय बनावटीचा इंडस सांधा घडवला. घोट्याच्या बाबतीत मात्र आपल्यालाच जुळवून घ्यावे लागते.

नमाजचे काय, हा प्रश्न आमच्या घरात सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला गेला. कायद्यात बसताना डावे पाऊल पूर्ण खाली वळून आडवे होते आणि उजवे बोटांवर उभे राहते. नव्या सांध्याने यातले थोडे जमू शकते, जखडलेल्या घोट्याने पाऊल आडवे होत नाही. सजद्यात बोटे वाकतात, ती पुढच्या सांध्यांतून, म्हणून काहींना सजदा जमतो. मी मामूंना डॉक्टरांच्या खोलीतच रुमाल अंथरून बैठक करून दाखवायला लावली. डॉक्टर आधी चकित झाले, मग खाली वाकून पाहू लागले. कोणत्या ऑपरेशननंतर यातले काय जमेल, ते त्यांनी एकेक करून सांगितले. वाचकांनो, लाजू नका. आपण कसे बसतो ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कळणार नाही.

बाकी आपल्या दीनमध्ये आजाऱ्यासाठी सवलत स्पष्ट आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर नमाज अदा करावी, ही शिकवण हदीसमध्ये आहे. प्लास्टर असेपर्यंत वुजूत त्यावर मसह करता येतो. तपशील आपल्या मौलानांना विचारावा. पण खुर्ची लागली म्हणून कोणाची नमाज कमी होत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आपणच प्रेमाने सांगायला हवे. मामूंना घोट्याच्या दुखण्यापेक्षा त्या खुर्चीचीच लाज जास्त वाटत होती.

विचारायचे प्रश्न

ऑपरेशन ठरवण्याआधी हे प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरेही लिहून घ्या.

१. माझ्या वयाला आणि कामाला जखडणे बरे की बदलणे? का?

२. डॉक्टर, तुम्ही वर्षाला घोट्याचे असे किती सांधे बसवता? (गुडघ्याचे नव्हे. हे ऑपरेशन सरावाचे आहे. प्रश्न अदबीने विचारला, तर चांगला डॉक्टर रागावत नाही.)

३. हा सांधा दहा-पंधरा वर्षांनी निकामी झाला, तर पुढे काय करता येईल?

४. सहा-सात आठवडे पाय टेकता आला नाही, तर घरात कोण असेल? संडास, जिना, अंगण यांचे काय?

५. ऑपरेशननंतर किती वर्षे, कितीदा तपासणीला यायचे? भोरहून पुण्याला दरवर्षी येण्याचा खर्च धरला आहे का?

६. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये हे नेमके ऑपरेशन बसते का? रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच खात्री करा. २०१७ साली केंद्र सरकारने सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, ती गुडघ्याच्या सांध्यांसाठी. घोट्याचा सांधाही त्याच भावात मिळेल असे धरून चालू नका.

आणि ऑपरेशननंतर : वजन वाढू देऊ नका, उड्या आणि धावणे टाळा, सपाट चालणे, सायकल, पोहणे चालते. पायाला किंवा अंगावर कुठेही पू झाला तर लगेच दाखवा. काहीही दुखत नसले तरी वर्षाचा एक्स-रे चुकवू नका. बाईंच्या घोट्याने एवढे शिकवले आहे.

मामूंनी काय ठरवले?

वय सत्तावन्न, हाडे मजबूत, चिखलातले काम अजून दहा वर्षे करायचे, घोटा वाकडा जुळलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "तुम्ही साठी-पासष्टीचे असता, काम हलके असते, तर मी बदलायला सांगितलं असतं. खाचरात उतरणाऱ्या पायात प्लास्टिकची चकती लवकर झिजेल." मामूंनी जखडणे पत्करले. त्याआधी तीन महिने बिडी सोडली. मुमानींच्या मते हेच मोठे ऑपरेशन होते. हाड जुळायला चार महिने लागले. आता दुखणे नाही. चढावर थोडे तिरके चालतात, भात लावायला मुले उतरतात, मामू बांधावरून हुकूम सोडतात. पंधरा वर्षांनी शेजारचे सांधे कुरकुरतील, हे त्यांना माहीत आहे. माहीत असून घेतलेला निर्णय माणसाला हलका ठेवतो.

गेल्या जुलैत त्यांचा नातू त्याच बांधावरून घसरला. घोटा सुजला. पाऊस तसाच, रोपे तशीच उपटून ठेवलेली. घरातले कोणीतरी म्हणाले, मुरगळला असेल, हळद लावू, उद्या बघू. मामूंनी काठी आपटली. संध्याकाळच्या आत टेम्पो नसरापूरच्या रस्त्याला लागला होता आणि एक्स-रे निघाला होता. हाड शाबूत होते. पट्टी बांधून मुलगा रात्री परत आला. "उगाच पैसे गेले," मुमानी पुटपुटल्या.

मामूंनी तो एक्स-रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, जमिनीच्या सातबाऱ्याशेजारी ठेवला आहे.